गावातील लोक हवामान बदल मानतच नाहीत. त्यांना तो कसा समजावून सांगावा?

आपल्या प्रश्नातील ‘मानतच नाहीत’ हे शब्द मला पटले नाहीत. मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या प्रशिक्षणवर्गांत मी गेली बारा वर्षे बोलत आलो आहे आणि ‘हे सगळे खोटे आहे’ असे म्हणणारा माणूस मला तिथे क्वचितच भेटला. मृगात पेरणी साधत नाही, पाऊस तीन-तीन आठवडे दडी मारतो आणि मग एका रात्रीत बांध फोडून जातो, हे मात्र न विचारता सांगितले जाते. येल विद्यापीठ आणि सी-व्होटर यांच्या २०२१-२२ मधील भारतव्यापी पाहणीत ५४ टक्के लोकांनी जागतिक तापमानवाढीविषयी आपल्याला थोडेच ठाऊक आहे किंवा काहीच ऐकलेले नाही असे सांगितले होते. तिचा अर्थ थोडक्यात समजावून दिल्यावर मात्र ८४ टक्के लोक ‘हे घडत आहे’ असे म्हणाले.

यात आपल्या शब्दांचाही दोष आहे. उद्या पाऊस पडेल का, तेही ‘हवामान’ आणि तीस वर्षांची सरासरी, तीही ‘हवामान’. मग ‘हवामान बदल’ म्हटल्यावर ‘ते तर रोजच बदलते’ असे समोरच्याला वाटले, तर त्याचे काय चुकले? म्हणून मी नाव शेवटी सांगतो. आधी वर्गातील सर्वांत वयस्कर माणसाला, त्यांच्या वडिलांच्या काळी पेरणी कधी होत असे, ते विचारतो आणि मग महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरील नोंदी सर्वांसमोर मांडतो.

खरी कसोटी कारणाशी लागते. ‘असे का झाले?’ या प्रश्नावर झाडे तोडली, धूर वाढला, कलियुग आले, अशी उत्तरे येतात. वृक्षतोडीचा वाटा खरा आहे, परंतु मुख्य कारण कोळसा, पेट्रोल आणि डिझेल जाळणे हे आहे, आणि ते लोकांपर्यंत पोहोचवण्यात आपण सारेच कमी पडलो आहोत. २०१९ मध्ये ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प गावोगावी पोहोचला, कोळशाविषयी मात्र तितक्या आवर्जून कोणी बोलले नाही. धुराची काजळी पावसाने धुऊन जाते, पण कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही आणि त्याचा मोठा भाग शेकडो वर्षे हवेत राहतो. हे सांगताना मला ढगाळ रात्रीचा फार उपयोग होतो: आभाळ भरले की थंडी पडत नाही, हे हरभरा घेणाऱ्याला शिकवावे लागत नाही. जमिनीतून वर निघालेली उष्णता जशी ढग अडवतात, तशीच हा वायूही अडवतो, फक्त तो रात्रंदिवस आणि साऱ्या पृथ्वीवर. शिवाय हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, त्यामुळे पाऊस कोसळतो तेव्हा अधिक जोराने कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.

प्रत्येक संकट मात्र यात कोंबू नये. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीविषयी मला अजूनही विचारतात. अतिवृष्टी आणि उष्णतेच्या लाटांविषयी पुरावा भक्कम आहे, गारपिटीविषयी तसा नाही, असे मी स्पष्ट सांगतो, आणि त्यानंतरच लोक पहिल्या दोन गोष्टी अधिक विश्वासाने ऐकतात, असे मी पाहिले आहे.

आणखी एक विनंती. चार एकर कोरडवाहू जमीन असलेल्या माणसाला पृथ्वी वाचवण्याचा उपदेश करणे मला अन्यायाचे वाटते, कारण या वायूत त्याचा वाटा नगण्य आहे. त्याला सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर कसे पेरावे ते दाखवावे, म्हणजे उघडिपीत ओल टिकेल आणि अतिवृष्टीत पाणी सरीतून निघून जाईल. माझ्या वर्गात कोळशाविषयीचे प्रश्न बहुधा त्या प्रात्यक्षिकानंतर, बांधावर उभे असतानाच विचारले जातात.