व्हिनेगरने घरातील कोणत्या वस्तू आणि पृष्ठभाग स्वच्छ करू नयेत?

आपण लिहिले आहे की सांगलीत विश्रामबाग भागात नव्या जागेत राहायला आल्यापासून बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग नळांवर, बाथरूमच्या टाईल्सवर आणि ओट्यावर बसतात. कुणाच्या तरी सांगण्यावरून आपण व्हिनेगर वापरले, नळ लख्ख झाले, आणि आता त्याच बाटलीने सगळे घर पुसून काढावे की काही गोष्टी वगळाव्यात, हा आपला प्रश्न आहे. वगळायच्या गोष्टी बऱ्याच आहेत आणि त्यांतली सर्वांत मोठी बहुधा आपल्या पायाखालीच आहे. मी याच शहरात कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे, त्यामुळे नुसती यादी न देता कारणासह उत्तर देतो.

बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण ४ ते ५ टक्के ॲसिटिक आम्ल असते. बाकी जवळजवळ सगळे पाणीच. जड पाणी वाळल्यावर मागे उरणारा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. त्याला आम्ल लागले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात आणि कॅल्शियम ॲसिटेट तयार होते. ते पाण्यात सहज विरघळते, म्हणून थर धुऊन निघतो. नळावरची व्हिनेगरची करामत ती एवढीच. अडचण अशी आहे की चुनखडक, संगमरवर, शंख आणि मोती हेदेखील मूलतः कॅल्शियम कार्बोनेटच आहेत, आणि नळावरचा क्षार कोणता व फरशीचा दगड कोणता, हे आम्लाला समजत नाही.

आपल्या भागातल्या घरांत जमिनीला आणि ओट्याला बसवलेला दगड पुष्कळदा चुनखडकाच्याच जातीचा असतो. ओट्याचा काळा कडप्पा आंध्र प्रदेशातून येतो, शहाबादी फरशी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून आणि कोटा राजस्थानातून. रंग निरनिराळे असले तरी तिन्ही चुनखडकच. कडप्पा काळा आणि कठीण दिसतो, म्हणून लोक त्याला सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्या पंक्तीला बसवतात, पण तो कातळ बेसाल्ट, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हारसाचा दगड आहे. पाट्या-वरवंट्यावर पिढ्यानपिढ्या चिंच वाटली गेली तरी त्याला फारसे काही झाले नाही, ते त्यामुळेच. कडप्प्याच्या ओट्यावर मात्र चिरलेले लिंबू रात्रभर उपडे राहिले, तर सकाळी तिथे पांढुरका गोल ठसा उमटलेला दिसतो. तो पुसण्यासारखा डाग नसतो. दगडाचा घोटलेला, गुळगुळीत पृष्ठभागच तेवढ्या जागी खाल्ला गेलेला असतो. तो घालवण्यासाठी पुन्हा लिंबू किंवा व्हिनेगर घासणाऱ्या गृहिणी मी पाहिल्या आहेत, आणि त्या ठशाचा आकार तेवढा वाढताना दिसला.

संगमरवराची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण त्याची किंमतच त्याच्या चकाकीत असते. देवघराला संगमरवराचा पाट किंवा देव्हारा असेल, तर तो साध्या पाण्याने आणि सौम्य साबणानेच पुसावा. जुन्या वाड्यांतल्या आणि १९७०-८० च्या सुमाराच्या घरांतल्या मोझॅक फरशीबाबतही हेच, कारण तिच्यात संगमरवराच्या चिपा सिमेंटमध्ये बसवलेल्या असतात आणि आम्ल दोघांनाही सोडत नाही. ग्रॅनाइट आम्लाला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण त्यावर डाग शिरू नयेत म्हणून लावलेला लेप वारंवारच्या व्हिनेगरने उतरतो, म्हणून तिथेही मी साबणाचे पाणीच सुचवेन. चिनी मातीच्या चकचकीत टाईल्सना किंवा व्हिट्रिफाइड फरशीला स्वतःला धोका नाही. धोका आहे तो त्यांच्या सांध्यांना. सांध्यांत पांढरे सिमेंट भरलेले असेल, तर रोजच्या व्हिनेगरने ते भुसभुशीत होऊन झडू लागते आणि मग पाणी टाईलच्या मागे उतरते. बांधकाम संपल्यावर ‘ॲसिड मारून’ फरशी धुऊन देण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे, तिचा दोषही नेमका हाच, फक्त तिथले आम्ल कितीतरी जहाल असते.

आपली फरशी कोणत्या दगडाची आहे हे माहीत नसेल, तर गॅसच्या टाकीखालच्या किंवा कपाटामागच्या कोपऱ्यात, धूळ पुसून, व्हिनेगरचा एक थेंब टाकावा आणि काही मिनिटे बारकाईने पाहावे. बारीक बुडबुडे सुटले किंवा पुसल्यावर ती जागा निस्तेज झाली, तर त्या दगडाजवळ बाटली नेऊ नये. बुडबुडे दिसले नाहीत तरी निस्तेजपणा जरूर तपासावा, कारण घट्ट, घोटलेल्या दगडावर बुडबुडे फार सूक्ष्म असतात.

दगडांनंतर देवघर आणि दागिन्यांचा डबा. शंख, कवड्या, पोवळे आणि मोती हे सगळे कॅल्शियम कार्बोनेटचेच. शंखावरचा तेलकट काळसरपणा काढण्यासाठी तो व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला, तर काळसरपणासोबत त्याची झिलईही जाते. नथ किंवा तन्मणी अशा रीतीने साफ करण्याचा विचारही करू नये. मोत्याची चमक त्याच्या वरच्या पातळ थरांत असते आणि ती एकदा गेली की पॉलिश करून परत येत नाही. ओल्या मऊ फडक्याने पुसून सावलीत वाळवणे पुरे.

धातूंच्या बाबतीत नियम एकच एक नाही. लोखंडी कढई, बिडाचा तवा आणि विळीचे पाते यांना व्हिनेगर लावले, तर तेलाने मुरलेला संरक्षक थर उतरतो आणि दुसऱ्या दिवशी गंज दिसतो. ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये आणि पातेल्यांत ते रात्रभर भरून ठेवल्यास भांड्याला बारीक खड्डे पडतात. स्टेनलेस स्टीलला थोडा वेळ लागले तर बिघडत नाही. पण व्हिनेगरमध्ये मीठ मिसळून घासण्याचा जो उपाय सांगितला जातो, तो स्टीलवर करू नये, कारण मिठातले क्लोराइड तिथेही खड्डे पाडते. तांब्या-पितळेला आपण चिंच, लिंबू लावतोच आणि व्हिनेगरचे काम त्याच प्रकारचे आहे, मात्र ते लगेच खळखळून धुवायला हवे. तांब्यावर ते रेंगाळले तर हिरवट ॲसिटेट तयार होते आणि ते विषारी असते. कल्हई केलेल्या भांड्याच्या आतल्या बाजूला ते अजिबात लावू नये. पितळेच्या भांड्यात आंबट ताक कळकते म्हणून आजी कल्हई करून घेत, आणि तीच कल्हई आम्लाने घासून काढणे म्हणजे पैसे देऊन केलेले काम स्वतःच्या हाताने पुसणे होय. मुलामा दिलेले दागिने आणि चांदीचे पाणी दिलेली भांडीही यातून वगळावीत.

शेजारच्या मिरजेमुळे आपल्याकडे अनेक घरांत तंबोरा किंवा सतार असते. मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यांच्या भोपळ्यावर आणि दांडीवर लाखेचे पॉलिश असते, तारा धातूच्या असतात, आणि या दोहोंनाही आंबट पाणी मानवत नाही. कोरडे मऊ कापड एवढेच त्यांचे औषध. सागवानी फर्निचरलाही हेच लागू. चष्म्याच्या काचा, मोबाइल आणि टीव्हीचे पडदे यांवर पातळ लेप असतात, ते व्हिनेगरने जातात. वॉशिंग मशीनच्या दाराचे रबर आणि मिक्सरच्या भांड्याचे रबर वारंवारच्या आम्लाने लवकर कडक पडते. ओट्यावर किंवा जमिनीवर अंडे फुटले असेल तर व्हिनेगर ओतू नये, त्यातले प्रथिन थिजून अधिकच चिकटते.

आता जी गोष्ट बिघडलेल्या ओट्यापेक्षा गंभीर आहे ती सांगतो. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रावण आणि व्हिनेगर कधीही एकत्र येऊ देऊ नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो, तो डोळ्यांना आणि फुप्फुसांना इजा करतो आणि बंद न्हाणीघरात जीवावर बेतू शकतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनंतर सांगलीत घरोघरी ब्लीचिंग पावडरने जमिनी धुतल्या गेल्या. नदीकाठच्या भागात तिचे अर्धवट डबे अजूनही जिन्याखाली सापडतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. एका दिवशी एकच द्रव्य, आणि मध्ये भरपूर पाणी. हायड्रोजन पेरॉक्साइडही व्हिनेगरबरोबर मिसळू नये. खाण्याचा सोडा मिसळल्यास अपाय होत नाही, पण उपयोगही होत नाही. फेस भरपूर येतो, आणि आम्ल व सोडा एकमेकांना निष्प्रभ करून बसतात.

आपल्या नळांसाठी व्हिनेगर जरूर वापरा. कापडाची पट्टी त्यात भिजवून नळाभोवती गुंडाळावी, १५ ते २० मिनिटांनी काढून नळ पाण्याने धुवावा आणि कोरडा करावा. मुलामा उडालेल्या, सोनेरी किंवा काळ्या रंगाच्या नळांवर हे करू नये. नळ कडप्प्याच्या ओट्यावर असेल, तर आधी त्याखाली प्लास्टिकचा कागद आणि त्यावर जाड फडके पसरावे, कारण नेमके तिथेच थेंब ठिबकतात. ओट्यावरच्या क्षारासाठी सौम्य साबण, नायलॉनची घासणी आणि रोज रात्री ओटा कोरडा पुसण्याची सवय, इतके पुरेसे आहे. आधीच पांढुरका झालेला कडप्पा थोडे खोबरेल चोळल्यास काही दिवस काळा दिसतो. कायमचा इलाज हवा असेल, तर फरशी घोटणारा कारागीर बोलावून तेवढा भाग पुन्हा पॉलिश करून घ्यावा लागतो.