सी८वरचा उंट

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद. परवा बुद्धिबळ स्पर्धेहून परतताना सात रस्ता येईपर्यंत रिक्षात तू गप्प होतीस. उतरताना एवढंच म्हणालीस, "सर, डिक्लाइन्ड नको आता. बचावाची ओपनिंग, जिंकता येत नाही." रात्री तुझी स्कोअरशीट पटावर लावली, म्हणून लिहितोय.

पांढरा सी४चं प्यादं देऊ करतो, काळा ते लगेच न घेता ई६ने डी५ सांभाळतो, त्या क्वीन्स गँबिट डिक्लाइन्डवर राग काढू नकोस. १९२७च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कापाब्लांका आणि अलेखाइन ३४ डाव खेळले, त्यातले ३२ याच ओपनिंगचे. तुझं घोडं अडलं ते सी८वरच्या उंटापाशी. ई६ केलं की आपल्याच प्याद्याने तो कोंडतो. मग त्याला बाहेर कसं काढायचं हे सतत डोक्यात हवं. तू सी६, हत्ती ई८, घोडा एफ८ केलंस. चाली वाईट नाहीत, पण उंट जागचा हलला नाही. तेवढ्यात पांढऱ्याने ई४, ई५ रेटून एफ६चा घोडा हुसकला, वजीर आणि उंट तुझ्या राजाशेजारच्या एच७वर रोखले. म्हणजे ऐन हल्ल्यात तू एक मोहरा कमी घेऊन लढत होतीस.

पांढऱ्याचा उंट डी३वर आला, तिथेच सी४चं प्यादं मारायचं. त्या उंटाला पुन्हा हलावं लागतं. मग घोडा डी५, उंटाला उंट, वजीर ई७. मारामारी झाली की गर्दी कमी होते, आणि ई५ किंवा सी५ करता येतं. ही कापाब्लांकाची रीत.

आता २०१०च्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला सोफियाचा १२वा डाव बघ. गुण बरोबरीत, शेवटचा डाव, आनंद काळ्याने, समोर टोपालोव्ह. आनंदने सातव्याच चालीला घोडा ई४वर टाकला. हा जुना जगज्जेता लास्कर याच्या नावाचा बचाव. सी८चा उंट बी७, ए६, डी३ असा हिंडून २८व्या चालीला ए८च्या कोपऱ्यात गेला. बघणाऱ्याला वाटावं, कामातून गेला! ३१व्या चालीला आनंदने ई४ करून प्यादं देऊन टाकलं आणि अख्खा कर्ण उघडला. ४६व्या चालीला त्याच उंटाने जी२वर वजीर मारला. जगज्जेतेपद आनंदकडेच राहिलं. आणि तू म्हणतेस, जिंकता येत नाही!

ते ट्रॅपचे, म्हणजे ओपनिंगमधल्या सापळ्यांचे, व्हिडिओ आठवडाभर बंद. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत ये. हा डाव ३०व्या चालीपर्यंत स्वतः लावून ये, संगणकाचं इंजिन न लावता. टोपालोव्हने ते प्यादं घेतलंच नसतं तर काळ्याने काय केलं असतं, ते मला पटावर दाखव.

तुझे सर