टार्निटच्या अंगणातला ट्री फर्न: पाणी मातीला नको, खोडाला घाला

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मेलबर्नच्या एका नर्सरीतून मीटरभर उंचीचा ट्री फर्न (वृक्षनेचा, म्हणजे झाडासारखा उंच वाढणारा नेचा) आणला, घरी येऊन बघता बुडाला एकही मूळ नाही, करवतीने कापलेला नुसता ओंडका. पानंही छाटलेली. फसवलं का? मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या टार्निट उपनगरातल्या उन्हात तो जगेल का? आणि पुढेमागे एखादं रोप पुण्याला आईंकडे नेता येईल का?

फसवलेलं नाही. हा बहुधा डिक्सोनिया अंटार्क्टिका या जातीचा ट्री फर्न असणार आणि तो इथे असाच विकतात. आपण ज्याला खोड म्हणतो त्यात आंब्या-फणसासारखं लाकूड नसतं. आल्याचा गड्डा जमिनीत आडवा पसरतो, तसाच हा, फक्त उभा वाढणारा. त्याभोवती जुन्या पानांचे देठ, आणि त्यांच्यामधून खाली उतरणाऱ्या असंख्य बारीक मुळांचं जाड वेष्टण. बुंधा रुंद दिसतो तो या मुळांमुळे. मुळं खोडभर असतात म्हणूनच खालून कापलेला तुकडा पुन्हा रुजतो. जंगलात उन्मळून पडलेला डिक्सोनियासुद्धा शेंडा वर वळवून वाढत राहतो. वाढीचा कोंब मात्र एकच, शेंड्यात. तो कुजला की संपलं.

म्हणून आधी शेंड्यात हात घालून बघा. तपकिरी लवीने झाकलेल्या गुंडाळ्या (न उलगडलेली पानं) हाताला टणक लागल्या तर झाड जिवंत आहे. लिबलिबीत लागल्या आणि वास आला तर पैसे परत मागा. लव आहे की खवले, हेही त्याच वेळी पाहून घ्या. डिक्सोनियाला मऊ केस असतात. खवले आणि खरखरीत, काटेरी देठ असतील तर तो सायथिया ऑस्ट्रेलिस हा दुसऱ्या जातीचा ट्री फर्न, आणि तो असा कापून लावला तर सहसा जगत नाही. दोन्ही शेजारी शेजारी उगवतात, त्यामुळे गल्लत होते. ओंडक्याला सरकारी टॅग आहे ना, तेही बघा. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे, जंगलातून काढलेला ट्री फर्न टॅगशिवाय विकता येत नाही. हा नियम मला अगदी योग्य वाटतो. डिक्सोनिया वर्षाला जेमतेम ३ ते ५ सेंटिमीटर वाढतो, म्हणजे तुमच्या मीटरभर ओंडक्याचं वय २०-३० वर्षं तरी असेल.

आता जागा. पुण्याच्या सवयीने घराच्या उत्तरेला सावली शोधाल, पण इथे ऊन उत्तरेकडून येतं. झाड दक्षिणेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीशी लावा. उन्हाळ्यात उत्तरेचा कोरडा, तापलेला वारा सुटतो. उन्हापेक्षा तोच जास्त घातक, एका दुपारीत पानं करपवतो. तुमच्याकडे वर्षाला ५००-५५० मिलिमीटर पाऊस, तर डॅन्डेनाँगच्या डोंगरात, जिथे हे झाड आपसूक वाढतं, १००० च्या वर. जमीनही बसाल्टची, भेगाळणारी चिकणमाती, आपल्या देशावरच्या काळ्या रानासारखीच. खड्ड्यात भरपूर कंपोस्ट आणि पालापाचोळा मिसळा, पाणी तुंबू देऊ नका. ओंडका उभा राहील इतकाच, वीतभर पुरा आणि काठ्यांचा आधार द्या. खोल पुरण्यात अर्थ नाही, किंमत उंचीवर मोजली आहे तुम्ही!

पाणी खोडाला. लोक इमानेइतबारे बुंध्याच्या आळ्यात पाणी ओततात आणि खोड वाळून जातं. ठिबकची नळी शेंड्याखाली गुंडाळून बांधा, म्हणजे पाणी खोडावरून झिरपत खाली येईल. पहिला उन्हाळा रोज, चाळिशीच्या दिवसांत दोनदा. वाळलेली पानं कापू नका, खाली लोंबू द्या, खोडाला त्यांची सावली होते. नवी पानं साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एकदम उलगडतात, तोवर उकरून बघण्याचा मोह आवरा.

झाड दिसतं तितकं नाजूक नाही. ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यात व्हिक्टोरियातल्या मेरिस्व्हिल आणि किंगलेक गावांकडची जंगलं जळाली. माउंटन अ‍ॅश हा तिथला उंचच उंच निलगिरी अशा आगीत मरतो आणि पुन्हा बियांपासूनच येतो. ट्री फर्नचा कोंब मात्र ओलसर देठांच्या आत खोल दडलेला, त्यामुळे कोळसा झालेल्या खोडांतून काही आठवड्यांतच हिरव्या गुंडाळ्या निघाल्या. ओलसर दऱ्यांत त्याच्या खोडावर शेवाळ आणि इतर नेचे वाढतात. सॅसाफ्रास वृक्षाचं बीसुद्धा त्याच खोडावर रुजतं.

राहिला पुण्याचा प्रश्न. एक तर डिक्सोनियाला सहसा पिल्लं फुटत नाहीत. बीजाणूंपासून (नेच्याच्या पानांमागच्या बारीक भुकटीपासून) रोप करायचं तर आधी नखाएवढा हिरवा पापुद्रा तयार होतो, त्यावर पाण्याच्या थेंबातून फलन होतं, आणि मग कुठे पहिलं पान. काम वर्षांचं आहे. शिवाय थंड दऱ्यांतलं झाड पुण्याच्या एप्रिलमध्ये टिकणार नाही, आणि विमानतळावरच्या वनस्पती-तपासणीचा ताप वेगळाच. आपल्याकडेही वृक्षनेचे आहेत. कुर्ग-वायनाडच्या ओढ्यांकाठी काळ्याभोर देठांचा अल्सोफिला जायगँटिया दिसतो. तो तिथेच बघावा, उपटून आणू नये. आईंना बाल्कनीसाठी नेचा हवाच असेल तर साधा बोस्टन फर्न द्या. सावलीत ठेवून रोज पाणी घातलं तर तो पुण्यातही तग धरतो.