झोन बदलायला नगरपरिषदेनं नकार दिला, आता अपील कुठं?

प्रश्न : ताई नमस्कार. गावाच्या कडेला आमची दीड एकर जमीन आहे, पूर्वी हद्दीबाहेर होती, आता नगरपरिषदेच्या डीपीत (विकास आराखड्यात) आलीय आणि झोन दाखल्यावर 'शेती विभाग' असं येतंय. मला आणि भावाला तिथं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज टाकायचंय म्हणून एजंटच्या सांगण्यावरून औद्योगिक झोन करून मिळावा असा अर्ज दिला. वर्षभर हेलपाटे घातले आणि परवा पत्र आलं, 'आपली मागणी मान्य करता येत नाही', बस्स, कारण काही नाही. रस्त्यापलीकडच्या गटाचा झोन मात्र मागं बदललाय. एजंट म्हणतो ४० दिवसांत मंत्रालयात अपील टाका, वकील म्हणतात अपील होतच नाही. खरं कोणाचं?
– एक द्राक्ष बागायतदार, सांगली जिल्हा

उत्तर : दादा, वकिलांचं खरं आहे. ४० दिवसांचं अपील एमआरटीपी कायद्यात (१९६६चा आपला नगररचना कायदा) कलम ४७ मध्ये आहे, पण ते कधी, तर तुम्ही कलम ४४ खाली बांधकामाची परवानगी मागितली आणि ती कलम ४५ खाली नाकारली किंवा नको त्या अटी घालून दिली तर. तुम्ही परवानगी मागितलेलीच नाही, तुम्ही आराखडाच बदलून मागितलाय, तो कलम ३७चा विषय, आणि तिथं जमीनमालकाला 'मला बदलूनच द्या' म्हणायचा हक्क नाही. ठराव करायचा नगरपरिषदेनं, नोटीस काढून हरकती मागवायच्या त्यांनीच, शेवटची मंजुरी शासनाची. दिवाणी कोर्टात दावा टाका असं कोणी सुचवलं तर त्या नादी लागू नका, कलम १४९ आडवं येतं, या कायद्याखालच्या आदेशांना दाव्यात आव्हान देता येत नाही.

पण मला मुळात एक विचारायचंय, झोन बदलायला सांगितलं कोणी तुम्हाला? डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता बहुतेक सगळ्या राज्याला बांधकामाची एकच नियमावली आहे, यूडीसीपीआर, आणि तिच्यात शेती विभागात काय काय चालतं याची भली मोठी यादी दिलीय. शेतीमालाची साठवण, त्यावरची प्रक्रिया असले वापर तिथं अटींवर बसतात. एजंट लोकांना झोन बदलाची फाईल आवडते कारण ती लांबते, लांबली की खर्च वाढतो. तुम्ही लायसन्स असलेल्या आर्किटेक्टकडून ती यादी, रस्त्याची रुंदी, एफएसआय (जमिनीच्या प्रमाणात किती बांधकाम चालतं) हे सगळं तपासून घ्या आणि आहे त्याच झोनमध्ये कोल्ड स्टोरेजच्या परवानगीचा रीतसर अर्ज टाका. मंजूर झाला तर प्रश्नच मिटला. नाकारला तर ते कलम ४७चं अपील आता खरोखर तुमच्या हातात येतं, नकार हातात पडल्यापासून ४० दिवस, आणि ते थेट शासनाकडे.

एवढं करूनही झोनच बदलायचा असेल तर आधी माहिती अधिकारात तुमच्या फाईलची सगळी टिपणी मागवा. बघायचं काय तर विषय सर्वसाधारण सभेपुढे (प्रशासक असतील तर त्यांच्यापुढे) गेला होता का, की मुख्याधिकाऱ्यांनी टेबलावरच निकालात काढला, आणि नगररचना कार्यालयाचा अभिप्राय काय होता. तुमच्याकडं नदी जवळ, त्यामुळं पूररेषाही बघा. जमीन निळ्या रेषेच्या (वारंवार पूर येणाऱ्या भागाची हद्द) आत असेल तर सरळ सांगते, पैसे घालवू नका. तसं नसेल तर नगरविकास विभागाला लेखी विनंती करता येते, कारण कलम ३७ मध्ये शासन नगरपरिषदेला फेरबदलाची कार्यवाही करायचा आदेश देऊ शकतं. त्यानंही नाही झालं तर मग हायकोर्टात रिट याचिका, तुमच्या जिल्ह्याला ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे त्यामुळं मुंबई गाठायला नको. मात्र तिथून झोन बदलून मिळेल ही अपेक्षा ठेवू नका, आराखडा कसा असावा हे कोर्ट सहसा ठरवत बसत नाही. 'कारण न देता नकार दिला, डोकं न लावता दिला' हा तुमचा खरा मुद्दा, आणि तो पटला तर प्रकरण बहुधा परत पाठवून कारणांसह निर्णय द्या असं सांगतात.

रस्त्यापलीकडच्या गटाचं म्हणाल तर तो ठराव आणि राजपत्रातली अधिसूचना मिळवा. परिस्थिती तुमच्यासारखीच असेल तर 'त्यांना एक न्याय आम्हाला दुसरा का' हे विचारता येतं. पण त्यांचंच काम नियमाबाहेर झालेलं निघालं तर 'त्यांना दिलं म्हणून मलाही द्या' हे कोर्टात चालत नाही, उलट शेजाऱ्याशी वैर मात्र फुकटात पदरात पडतं.

प्रश्न : माझ्या प्लॉटवर २००८ साली मंजूर झालेल्या डीपीत बागेचं आरक्षण आहे. बाग नाही, पैसे नाहीत, आरक्षण उठवा म्हणून दिलेला अर्जही फेटाळला.
– एक वाचक

उत्तर : अर्ज विसरा, तुम्हाला नोटीस द्यायचीय. कलम १२७ त्यासाठीच आहे, आराखडा लागू होऊन १० वर्षं उलटली आणि जमीन घेतली नाही तर मालकीच्या कागदांसह नोटीस द्यायची, त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्याची पावलंच पडली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द झालं असं धरतात. नुसता 'जमीन घ्यायची आहे' असा ठराव किंवा पत्रापत्री म्हणजे पाऊल नव्हे, हे सुप्रीम कोर्टानं २००७ साली गिरनार ट्रेडर्सच्या निकालात सांगितलंय. मग राजपत्रात आदेश काढायची जबाबदारी शासनाची, तो काढायला ते वेळ लावतात त्यामुळं मागं लागावं लागतं. नोटिशीसोबत सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, झोन दाखला, भाग नकाशा (आराखड्यातला तुमच्या जमिनीपुरता नकाशा) जोडा, कागद अपुरे म्हणून नोटीसच मोडीत काढायला बघतात. आणि हातोहात दिलीत तर आवक शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका, २४ महिने त्या तारखेपासून मोजतात.