गंधर्व म्हणजे एंजल का?

प्रश्न : शाळेतल्या नाताळच्या कार्यक्रमात नातीला एंजल केलंय. पुठ्ठ्याचे पंख घरीच कापले. ती विचारते, ‘आज्जी, आपल्यात एंजल कोण?’ मी सांगून टाकलं, गंधर्व. शेजारच्या भाभी म्हणतात, आमच्यात फरिश्ते. हे सगळे एकच का?
– एक आजी, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : आजी, भाभींचं बरोबर आहे, तुमचं जरा चुकलं. एंजल हा शब्द मूळ ग्रीक ‘अँगेलोस’, म्हणजे निरोप्या. फारसी ‘फरिश्ता’ म्हणजे धाडलेला. मरियमेला निरोप देणारा गॅब्रिएल आणि पैगंबरांकडे कुराण आणणारा जिब्रील एकच. पंखांचं म्हणाल तर सुरुवातीच्या ख्रिस्ती चित्रांत देवदूत बिनपंखांचेच आहेत.

गंधर्व पडले इंद्राच्या दरबारातले गवई. त्यांना स्वतःची मर्जी असते. प्रेमात पडतात, शापही खातात. यक्षांचंही तेच. ‘मेघदूता’तल्या यक्षाने कामात कुचराई केली आणि वर्षभर रामगिरीवर जाऊन बसला. बायकोला निरोप धाडायला त्यालाच ढगाच्या विनवण्या कराव्या लागल्या, तो कसला दूत! इस्लाममध्ये फरिश्ते नूराचे, म्हणजे प्रकाशाचे, जिन्न आगीचे; जिन्नांना बरंवाईट निवडायची मोकळीक. माझ्या मते आपले यक्ष-गंधर्व या जिन्नांच्या जवळचे.

लहानपणी वडिलांच्या शेजारच्या मागावर एक चाचा होते. नमाज संपताना ते मान आधी उजवीकडे, मग डावीकडे वळवत. एकदा धीर करून विचारलं. म्हणाले, ‘बेटा, दोन खांद्यांवर दोघं लिहीत बसलेत. एक चांगलं लिहितो, एक वाईट. त्यांना सलाम.’ किरामन कातिबीन हे त्यांचं नाव मला पुढे कळलं. घरी येऊन वडिलांना सांगितलं, तर धोट्यातली कांडी बदलता बदलता ते म्हणाले, ‘आपल्यात चित्रगुप्त एकटाच सगळ्यांचं लिहितो.’ माणसामागे दोन कारकून तिकडे, इकडे साऱ्या जगाला एक! तेव्हापासून मला चित्रगुप्ताची दयाच येते.

आता नातीचं उत्तर. आपल्यातला खरा निरोप्या म्हणजे अग्नी. ‘अग्निं दूतं वृणीमहे’, असं ऋग्वेदातच आहे. आहुती देवांकडे पोचवायचं काम त्याचं. तिला अग्नी सांगा. फक्त तो पुठ्ठ्याच्या पंखांपासून लांब असू द्या.