मेसेज साडेसातला, फोन सात चाळीसला

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा दहावीला ९७.४० टक्के, तालुक्यात पहिला, म्हणून लातूरला ठेवला. आता बारावी आणि मेडिकल प्रवेशाची नीट परीक्षा. अकरावीत टेस्टला ७२० पैकी ६१० पर्यंत जाणारा मुलगा दिवाळीआधी ५४० वर आला आणि क्लासनं त्याला पहिल्या बॅचमधून दुसरीत टाकलं. मग चार रविवार टेस्टचा मेसेजच आला नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की त्यानंच ऑफिसात जाऊन पालकांच्या नंबरच्या जागी रूममेटचा नंबर दिला होता. त्याच्या पप्पांनी लातूर गाठलं आणि मेसच्या दारात, चार पोरांदेखत त्याला फैलावर घेतलं. तुम्ही विचारता, एवढा गुणी मुलगा खोटारडा कसा झाला, आणि मी त्याला मन लावून अभ्यास करायला सांगेन का?

त्याआधी पत्राच्या तळाशी तुम्ही ओझरतं लिहिलेलं एक वाक्य. त्या दिवशी तो म्हणाला, 'मी नसतोच तर तुमचे पैसे तरी वाचले असते.' तुम्ही ते रागातलं बोलणं म्हणून सोडून दिलंत. सोडू नका. हे पत्र मिळालं की त्याच दिवशी लातूरला जा, आणि तुम्ही एकट्या जा. त्याला सरळ विचारा, 'जीव द्यावा असं मनात येतं का रे?' विचारल्यानं नसतं खूळ डोक्यात शिरेल ही भीती खोटी आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून मुलं मोकळी होतात. तो हो म्हणाला, किंवा नुसता गप्प बसला, तरी त्याला खोलीवर एकटं ठेवू नका. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, तिथे दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःही लावू शकता.

आता खोटेपणाचं. तुम्हीच लिहिलंय की मेसेज रविवारी साडेसातला येतो आणि सात चाळीसला पप्पांचा फोन जातो. पहिला प्रश्न किती पडले, दुसरा फिजिक्सला किती, तिसरा म्हणजे चुलत भावाला या वेळी किती होते. ताई, त्यानं एकदाही खोटे मार्क सांगितलेले नाहीत. ५४० चे ६०० सांगणं नंबर बदलण्यापेक्षा सोपं होतं. त्याला मार्क लपवायचे नव्हते, तो फोन बंद करायचा होता. माझ्यासमोर बसलेल्या हुशार मुलांपैकी बरीच याच वळणावर आलेली असतात. ढ मुलाला बोलणी खायची लहानपणापासून सवय असते. पहिला येणाऱ्याला नसते, त्याला सतराव्या वर्षी पहिल्यांदाच कळतं की घरातलं आपलं कौतुक मार्कांवर चालतं.

मार्क उतरले त्यात आळस दिसतो म्हणता. हिशेब करा. नीटला १८० प्रश्न, १८० मिनिटं. बरोबर उत्तराला ४, चुकलं तर वजा १. म्हणजे येणारा एक प्रश्न चुकला की ५ गुण गेले. त्याचे उतरलेले ७० गुण म्हणजे १८० पैकी १४ प्रश्न. अकरावीच्या टेस्ट एका वर्षाच्या धड्यांवर होत्या, आता दोन्ही वर्षं एकत्र आली आहेत. ते १४ प्रश्न कोणते, हे त्यानं आणि त्याच्या सरांनी पेपर पुढ्यात घेऊन पाहायचं: येत नव्हते म्हणून चुकले, घाईत चुकले, की शेवटच्या वीस मिनिटांत ठोकून दिले? तो रात्री अडीचपर्यंत जागतो हे तुम्ही अभिमानानं लिहिलंय. परीक्षा दुपारी २ ते ५ असते. जागरणानं पेंगणारं डोकं त्या वेळेला कामाचं नसतं. मला विचाराल तर त्या चौदातले निम्मे प्रश्न झोपेनं परत येतील.

आणि ९७ टक्क्यांचं म्हणाल, तर २०२५ च्या दहावीत राज्यात २११ मुलांना शंभर टक्के पडले, त्यातली ११३ एकट्या लातूर विभागातली. त्याच्या बाकावर डावीउजवीकडे बसलेला प्रत्येक जण आपापल्या तालुक्यात पहिलाच आलेला आहे. त्यातला कुणीतरी विसावा येणारच.

चुलत भावाचे २०२४ चे ६५० तर कायमचे बाजूला ठेवा. त्या वर्षी ६५० मिळवूनही मुलं हजारोंच्या मागे होती. २०२५ चा पेपर इतका कठीण गेला की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते आणि ६५० च्या वर जाणारी मुलं शंभरसुद्धा नव्हती. दोन वर्षांच्या मार्कांची तुलना म्हणजे दोन वेगळ्या वजनकाट्यांवरची तूर. पप्पा शिक्षक आहेत, त्यांना हे एका मिनिटात पटेल. (त्यांचा स्वतःचा नंबर पैशापायी हुकला होता, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मला त्यांचा राग येत नाही. पण तो हिशेब त्यांचा आहे, मुलाच्या नावावर मांडू नका.)

बॅचबद्दल क्लासशी बोला. मार्कांवरून मुलांच्या बॅचा पाडू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये क्लासेसना बजावलं आहे. आणि 'दोन वर्षांची फी भरलीय' हे कारण मुलाला सांगू नका. मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, असं केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. वेळ आलीच तर लेखी मागा. सहज देतील असं नाही, पण मागता येतं.

पुढचं थोडक्यात, कारण आज तो मुद्दा नाही. सुट्टीत तो आजोबांच्या गोठ्यातून हलत नाही, असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. पशुवैद्यकीय पदवीचे प्रवेश नीटच्याच मार्कांवर होतात, उदगीरला आणि परभणीला कॉलेज आहे. कृषी आणि फार्मसीसाठी राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरून ठेवा, तिथे चुकीला मार्क कापत नाहीत. त्यानं हेच करावं असं मी म्हणत नाही. मे महिन्यातला एक दिवस बिघडला तर पुढे काही आहे, एवढं त्याला घरातून कळू दे. ते पप्पांच्या तोंडून कळलं तर जास्त बरं.

तोवर एवढंच करा. क्लासला सांगून मेसेज बंद करा, मार्क त्याला वाटेल तेव्हा तो सांगेल. रविवारचा सात चाळीसचा फोन मात्र चुकवू नका. पप्पांनीच करावा, आणि त्यात टेस्ट हा शब्द येऊ नये. मग बोलायचं काय, असा प्रश्न त्यांना पडेल. तुमच्या पत्रात आहे ते. मागच्या फोनवर मुलानं विचारलं होतं, 'आजोबांची गाय व्याली का?' आणि त्याला उत्तर मिळालं, 'आधी टेस्टचं बोल.'

या रविवारी त्याला गाईचं सांगा. व्याली असेल तर वासराचा फोटो पाठवा.