पहिलं मॅप आर्ट करतोयस ना, मग हे वाच
भावा, माइनक्राफ्टमध्ये मॅप आर्ट म्हणजे जमिनीवर ब्लॉक रचून गेममधल्या नकाशावर चित्र उमटवणं, त्यात पहिल्याच फटक्यात पोर्ट्रेट नको घेऊस. सगळ्यात छोटा नकाशा पण 128 × 128, म्हणजे 16,384 ब्लॉक, एकेक करून, हाताने. लोकरीऐवजी कार्पेट वापर, 2 लोकरीत 3 निघतात, फक्त खाली कायतरी ब्लॉक लागतो. आणि उत्तरेच्या कडेला एक जादा ओळ टाकच, कारण ब्लॉकची शेड त्याच्या उत्तरेकडच्या ब्लॉकच्या उंचीवरून ठरते, मी विसरलो तर वरची अख्खी ओळच वेगळी दिसायला लागली, तीन रात्री डोकं खाजवत बसलेलो. झालं की कार्टोग्राफी टेबलवर (गेममधलं नकाशांचं टेबल) ग्लास पेन, म्हणजे काचेचं तावदान, लावून मॅप लॉक कर, मग खाली काही बदललं तरी नकाशावरचं चित्र तसंच राहतं. आमच्या सर्व्हरवर एकाने गणपतीची सोंडच खणून नेली होती, नशीब मॅप लॉक होता.